तीन पदरांचं पातं

साहेबांच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात लाकडाचे ठोकळे असायचे. मी त्यांच्याकडे कामाला लागले त्या आठवड्यातच ते गाठाळ ठोकळे सुरण समजून बाहेर काढले, नळाखाली धुतले आणि ओट्यावर निथळत ठेवले. साहेब घरी आले, ओट्याकडे बघितलं आणि तान्हं मूल उचलावं तसा एकेक ठोकळा उचलून परत फ्रिजमध्ये ठेवू लागले. मला वाटलं, गेलं काम. पण ते हसत होते.

"लाकूड आहे," ते म्हणाले. "माझ्या गावचं. इथली हवा कोरडी, ए.सी. त्याहून कोरडा. बाहेर ठेवलं की तडकतं."

"मी आज याची भाजी करणार होते," मी म्हटलं.

हे बोलले आणि माझी मलाच लाज वाटली, कारण मी अनोळखी माणसाशी असं पटकन बोलत नाही. आमच्या शारजातल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कोणी भेटलं तरी मी मजल्यांचे आकडे बघत उभी राहते. पण साहेब इतके खदाखदा हसले की त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली.

साहेब नॉर्वेचे. जबल अलीच्या बंदरात त्यांनी सगळी नोकरी केली होती आणि आता निवृत्त होऊन परतीची तयारी करत होते. मॅडम आधीच तिकडे मुलाकडे गेल्या होत्या. मी जेवण करायची, घर आवरायची. आमची भाषा म्हणजे खिचडी. त्यांचं बंदरात शिकलेलं हिंदी, माझं तोडकंमोडकं इंग्रजी, आणि यल्ला, खलास हे अरबी शब्द दोघांचेही. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे, म्हणजे माझं मला नीट वाचता येईल.

स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला त्यांची शिकारीची सुरी टांगलेली असायची. सुरी म्हणावी तर जाड, सुरा म्हणावा तर बुटका. पातं लांबीला जेमतेम तळहाताएवढं. मूठ त्या गाठाळ लाकडाची, मधे बर्फातल्या हरणाच्या शिंगाचा पांढरा तुकडा आणि झाडाच्या सालीच्या पातळ चकत्या. पात्याच्या आणि मुठीच्या मधे हात अडवायला काहीच नव्हतं. मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय.

साहेबांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "मूठ घट्ट धर आणि हात पुढे सरकव बघू."

सरकेना. मूठ मधे पोटाला फुगीर होती, टोकांना निमुळती. हात आपोआप जागेवर बसत होता. त्यांच्याकडे ही सुरी शिकार सोलायला, लाकूड तासायला, भाकरी कापायला, सगळ्यालाच चालते. म्हणून अंगावर काही दागिना नको, आडवं काही नको. चामड्याचं म्यान तर मला फारच आवडलं. ओलं चामडं सुरीवर दाबून दाबून बसवतात, पाठीमागे मेणाच्या दोऱ्याने शिवतात आणि तसंच वाळवतात. मग सुरी अर्ध्या मुठीपर्यंत आत जाते, टक् असा आवाज होतो आणि उलटी धरली तरी पडत नाही. मुठीला एक ओळखीचा वास येत होता. जवसाचं तेल! आमच्याकडे जवसाची चटणी, त्यांच्याकडे जवसाचं तेल मुठीला.

पण पात्यावर एक गोष्ट होती ती मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. धारेच्या जरा वर, दोन्ही बाजूंनी, पाण्याची लाट वाळूवर ओल सोडून जाते तशी एक नागमोडी रेघ होती. रेघेच्या वर मळकट, रेघेच्या खाली लखलखीत. वर लोखंड, खाली पोलाद. मऊ लोखंडाच्या दोन पदरांत कडक पोलादाचा एक पदर घालून तापवून एकजीव केलेला. धार पोलादाची, आणि पाठ लोखंडाची म्हणून वाकेल पण मोडणार नाही. माझे वडील कोयत्याला, कुऱ्हाडीला असंच पोलाद भरायचे.

मी हे साहेबांना सांगितलं नाही. कोणालाच सांगायचं नाही असं आमच्या घरात ठरलेलं होतं.

आम्ही घिसाडी. माझ्या लहानपणी आमची पालं गावोगाव फिरायची. गाव बदललं की शाळा बदलायची, आणि चौथीनंतर ती बदलायची राहिली ती सुटलीच. उघड्यावर भट्टी मांडायची, ऐरण रोवायची आणि विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवायच्या. आमच्यात पुरुष ऐरणीपाशी बसतो. त्याच्या डाव्या हातात सांडशी, उजव्यात लहान हातोडा. आणि घण मारते बाई. नवरा हातोड्याने टिचकी मारून जागा दाखवतो, बाई तिथेच घण घालते. पोटुशी असली तरी मारते. मी आईच्या जागी उभी राहून वडिलांसमोर घण मारायला लागले तेव्हा मला ओढणीही नीट घेता येत नव्हती.

लग्न झालं तेव्हा नवरा वेल्डिंग शिकलेला होता. मग शारजाला आला, एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये लागला, फोरमन झाला, आम्हाला घेऊन आला. इथे चांगल्या बिल्डिंगमध्ये आपली मराठी माणसं भेटली, हळदीकुंकू, गणपती सुरू झाले. मालकांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं, "कोणी विचारलं तर इंजिनिअरिंग लाइनमध्ये आहोत म्हणायचं. बाकी सांगत बसू नको." मालक म्हणजे माझा नवरा. मला बरंच वाटलं. न बोलणं मला जमतं. एकदा हळदीकुंकवाला एक बाई दुसरीला सहज म्हणाली, "अगं, रांगोळीत काय ही घिसाडघाई!" सगळ्या हसल्या. मी वाटीतली साखर निवडत बसले. साखरेत निवडायला काय असतं?

तर साहेबांचं असं झालं की त्यांना परत जाण्याआधी एक सुरी मुळापासून घडवायची होती. आजवर ते तयार पातं मागवून मूठ आणि म्यान तेवढं हाताने करायचे. पण ही शेवटची त्यांच्या वडिलांच्या पद्धतीने, तीन पदर भट्टीत जोडून करायची होती. तरुणपणी वडिलांसमोर घण त्यांनीच मारला होता. आता खांद्याचं ऑपरेशन झालेलं, घण उचलणं शक्य नव्हतं. शिकारीच्या सामानाचं एक मोठं प्रदर्शन भरणार होतं, तिथे लोकांसमोर पातं जोडून दाखवायचं त्यांनी कबूलही केलं होतं. नाही होती ती भट्टी लावायला जागा आणि घण मारणारा माणूस.

मी घरी बोलता बोलता मालकांना जागेचं सांगितलं. त्यांनी वर्कशॉपच्या मल्याळी शेठला विचारलं, शेठ म्हणाला मागचा कोपरा घ्या. साहेब खूश झाले. भट्टी लागली, कुठूनतरी जुनी ऐरण आली. आणि मालक कोणत्या घरातले हे साहेबांनी कसं कोण जाणे ओळखलं. बहुतेक सांडशी हातात घेण्याच्या पद्धतीवरून. त्यांनी मालकांच्या पाठीवर थाप मारली, "तू लोहार आहेस! मग घण तूच मारायचा."

इथेच सगळी गंमत झाली. त्यांच्या देशात लोहाराच्या घरचा पुरुष म्हणजे घण मारणार, हे त्यांनी गृहीत धरलं. आणि आमच्या मालकांनी जन्मात घण मारला नव्हता. ते सांडशी धरणाऱ्यातले. त्यांची आई मारायची, बहीण मारायची. पण साहेबांना हे सांगायचं म्हणजे आमच्यात बायका मारतात हे सांगायचं. ते "यस सर" म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी मी दोघांचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. दारातूनच आवाज ऐकला आणि माझी पावलं थबकली. जोड बसत असला की घणाचा आवाज भरीव येतो. हा भद्द येत होता, ओल्या मडक्यावर मारल्यासारखा. घण एकदा इकडे, एकदा तिकडे पडत होता. लोखंड तोवर लालाचं काळं पडलं. साहेबांनी ते गार करून ऐरणीवर आपटलं तर तिन्ही पदर सुटे झाले. घडीच्या पोळीचे सुटावेत तसे.

"पोळी असती तर चांगली होती," मी मनात म्हटलं.

पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. पोलाद साहेबांनी तिकडून आणलेलं होतं, त्यांच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये उरलेलं. आता त्याचा एकच तुकडा राहिला. साहेबांनी तो कापडात गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाले, "हा आता प्रदर्शनातच. तोपर्यंत साध्या लोखंडावर हात बसवू. नाही बसला तर मी प्रदर्शनवाल्यांना नाही म्हणून कळवतो." बोलताना ते भट्टीकडे बघत होते. मालक घामाने निथळत होते, दोन्ही तळहातांना फोड. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

मी डबा खाली ठेवला. पुढे काय झालं ते मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या, घणाच्या दांड्याला हात लावला. हलका होता आमच्या घणापेक्षा.

"अगं, काय करतेस?" मालक पुटपुटले.

"तुम्ही बाजूला व्हा जरा."

साहेबांनी साध्या लोखंडाची बारीक कांब तापवून ऐरणीवर ठेवली आणि हातोड्याने टिचकी मारली. मी डोक्यावरून घण फिरवून घातला. आमच्यात घण घातला तर पुरता घालायचा, अर्ध्या हाताने मारणं म्हणजे समोरच्याचा अपमान. दुसरी टिचकी, दुसरा घण. तिसरी. इतक्या वर्षांनी खांद्यात ती कळ आली आणि मला इतकं बरं वाटलं की मी तोंडाने "हं!" असा आवाजही काढला, आई काढायची तसा.

साहेबांनी सांडशी वर धरली. कांब कुठली, पापड झाला होता. त्यातून पलीकडचं दिसेल असं वाटत होतं.

मग साहेबांना हसू फुटलं. त्यांनी भट्टीच्या कडेला बसून घेतलं, चष्मा काढून डोळे पुसले. "सिस्टर, कुऱ्हाड नाही करायची! इतकीशी सुरी आहे!"

मालकही हसले. मी घण टाकून पळायच्या बेतात होते, पण साहेब उठून माझ्यापुढे उभे राहिले. "जागा चुकली नाही," ते म्हणाले. "एकदाही चुकली नाही. जोर कमी करायला मी शिकवतो. जागा शिकवायला मला दहा वर्षं लागली असती."

आणि त्यांनी खरंच शिकवलं. ही गोष्ट मला नवी होती. आमची कुऱ्हाड दांडगी, तिला दांडगाच मार. हे पातं नाजूक. पहिला घाव जोड बसवण्यापुरता, पिठाच्या गोळ्यावर हात दाबावा तसा, पण झटपट. मधून सुरुवात करून कडेकडे जायचं म्हणजे आतला मळ वितळून बाहेर निघतो. मग जरा जोर. मग जसं पातं पातळ होईल तसा पुन्हा हात हलका. मी घण वरून फिरवायचा सोडून छातीपासून टाकायला शिकले. जोडातला मळ वितळावा म्हणून साहेब टाकणखार घालत. माझे वडील ओढ्याची बारीक वाळू घालायचे, हे मी सांगितलं तर ते म्हणाले, "माझे आजोबाही वाळूच." मला उगाच आनंद झाला. कुठे ओढा, कुठे बर्फ.

दर सुट्टीला मी जात राहिले. आमच्यात सांडशी पुरुषाची आणि घण बाईचा, हेही साहेबांना सांगून टाकलं. साध्या लोखंडाचे जोड एकामागून एक बसायला लागले, आवाज भरीव यायला लागला. साहेब कमी बोलायचे, टिचकी मारायचे, मी मारायची. बोलायची गरज नसलेलं असं काम मला दुसरं माहीत नाही.

प्रदर्शनाचे दिवस जवळ आले तसे मालक गप्प गप्प राहायला लागले. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "तिथे मी मारतो."

"तुम्ही?"

"आता बघून बघून आलंय मला. वर्कशॉपमध्ये ठीक आहे, चार ओळखीची माणसं. तिथे सगळी दुनिया येणार. आपल्या मंडळातले लोक दरवर्षी पोरांना घेऊन तिथले शिकारी ससाणे बघायला येतात. उद्या बिल्डिंगमध्ये काय सांगशील? फोरमनची बायको घण मारते?"

"मारतेच ना."

"ते आपल्याला माहीत आहे!"

"अहो, पोलादाचा एकच तुकडा उरलाय."

"माहीत आहे मला."

"जोड नाही बसला तर साहेब रिकाम्या हाताने जातील. त्यांच्या वडिलांचं पोलाद आहे ते."

"त्यांच्या वडिलांचं पडलंय तुला. आपलं?"

मुलगी फोनवर काहीतरी बघत जेवत होती. ती इथल्या शाळेत आठवीला. तिने मान वर केली. "पप्पा, व्हॉट आर यू गाइज हायडिंग?"

मालक म्हणाले, "काही नाही. जेव."

मी आजवर त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. पण त्या दिवशी माझ्या दंडांना दिवसभराच्या मारण्याची गोड ठणक होती, आणि ती मला गप्प बसू देत नव्हती. मी मुलीला म्हटलं, "आपण घिसाडी आहोत. तुझे आजोबा लोखंड घडवायचे आणि तुझी आजी घण मारायची. मीही मारायची. आताही मारते."

"घण मीन्स?"

"हॅमर. मोठा."

"यू?" तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. लिफ्टमध्ये आकडे बघत उभी राहणारी आई तिला माहीत होती. "मम्मी, नो वे. दाखव."

"प्रदर्शनात ये," मी म्हटलं. "तिथे दाखवते."

मालक ताटावरून उठले नाहीत. मी भात वाढला, त्यांनी खाल्ला.

प्रदर्शनाचा हॉल इतका मोठा की पलीकडची भिंत दिसत नव्हती. एका बाजूला टोप्या घातलेले ससाणे दांडीवर बसलेले, दुसऱ्या बाजूला बंदुका, तंबू, उंटांची खोगिरं. भट्टीसाठी हॉलबाहेर मोकळ्यावर मांडव घातला होता. दोरी लावून लोकांना लांब उभं केलं होतं. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले अरब, गोरे, आपले, सगळे. जिकडेतिकडे फोन वर केलेले. मी सुती पंजाबी ड्रेस घातला होता, वर साहेबांनी दिलेला चामड्याचा अॅप्रन आणि डोळ्यांना चष्मा. त्या चष्म्याचा मला मोठा आधार वाटला. त्यातून लोक जरा कमी दिसत होते. मुलगी दोरीला चिकटून उभी होती. तिच्यापासून थोड्या अंतरावर आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब दिसलं, मंडळाच्या सेक्रेटरी वहिनी आणि त्यांची मुलं. मालकांनीही बघितलं. ते भट्टीच्या पंख्यापाशी उभे होते. हवा कमीजास्त करणं त्यांच्याकडे होतं.

साहेबांनी खिशातून कापड काढलं, तो तुकडा लोखंडाच्या दोन पट्ट्यांत ठेवला, तारेने बांधला आणि निखाऱ्यात सरकवला. लाल झालं, टाकणखार पडला, तो पाण्यासारखा वाहायला लागला. तेवढ्यात प्रदर्शनाचा एक माणूस हातात माइक घेऊन आला. लोकांना काहीच कळत नाहीये, साहेबांनी चालू असताना समजावून सांगावं, असं त्याचं म्हणणं. एका हातात माइक, एका हातात सांडशी, मग हातोडा कशात धरायचा?

साहेबांनी एकदा भट्टीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मालकांच्या पुढे सांडशी धरली.

"तू धर," ते म्हणाले. "ही तुमची पद्धत आहे ना? आज तुमच्या पद्धतीने. मी बोलतो."

पोलादाचा शेवटचा तुकडा आत तापत होता, आणि साहेबांनी तो आमच्या दोघांच्या हातात सोडून दिला होता. आम्ही दोघांनी एका ऐरणीवर कधीच काम केलं नव्हतं. लग्न झाल्यापासून एकदाही नाही.

मालक हलले नाहीत. त्यांची नजर दोरीपलीकडे होती, वहिनी उभ्या होत्या तिकडे. मी घणाचा दांडा हातात घट्ट धरून त्यांच्याकडे बघत राहिले. निखाऱ्यातला तुकडा पांढरा पडायला लागला होता. आता काढलं नाही तर पोलाद जळणार होतं. मी आमच्या घरातल्या बोलीत, जी दाराबाहेर बोलायची नाही असं ठरलं होतं त्या बोलीत, मोठ्याने ओरडले, "काढा!"

त्यांनी सांडशी घेतली. गुडघ्यावर बसले, आमच्यात बसतात तसे. तापलेला तुकडा बाहेर आला तेव्हा त्याच्यातून बारीक ठिणग्या फुलत होत्या आणि अंगावर तूप चोपडल्यासारखी चकाकी होती. मालकांनी तो ऐरणीवर ठेवला, हातोड्याची टिचकी मारली, बरोबर मधोमध.

मी घण टाकला. हलका, झटपट. ठिणग्यांचा फवारा उडाला, लोक एकदम मागे सरले. टिचकी. घण. टिचकी. घण. तिसऱ्या घावालाच मला आवाजात फरक कळला. वरचा पदर खाली बसला होता. मालकांनाही कळला, कारण त्यांनी मान न उचलता टिचकीचा वेग वाढवला. मी त्यांच्या मागोमाग. मधून कडेकडे, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. त्यांनी तुकडा परतला, मी तयार होते. साहेब माइकवर काय बोलत होते मला माहीत नाही. मला ऐरण ऐकू येत होती. ते टिचकी मारायच्या आधीच कुठे मारणार ते मला कळत होतं. हे त्यांना कोणी शिकवलं होतं ते मला माहीत होतं, आणि मला कोणी शिकवलं ते त्यांना.

पुन्हा भट्टीत, पुन्हा ऐरणीवर. आता जरा जोर. आता पुन्हा हलका हात. तुकडा लांब व्हायला लागला, टोक निघालं, मागची शेपटी निघाली, जी पुढे मुठीतून आरपार जायची होती. मालकांनी हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला. आमच्यात याचा अर्थ झालं.

मी घण खाली टेकवला.

साहेबांनी माइक कोणाच्या तरी हातात दिला आणि सांडशी घेऊन तुकडा गार होताना निरखत बसले. जोड कच्चा असला की गार होताना मधे काळी रेघ दिसते, कारण तिथला पदर वेगळा निवतो. लाल रंग हळूहळू, सगळीकडे सारखा उतरत गेला. कुठेही रेघ नाही. साहेबांनी तो ऐरणीवर आपटला. खणखणीत आवाज आला. त्यांनी पुन्हा आपटला, गरज नसताना, नुसता ऐकण्यासाठी.

"खलास," ते म्हणाले. "एक झालं."

टाळ्या वाजल्या. कोणीतरी अरबीत काहीतरी ओरडलं, त्यावर हशा पिकला. आमची मुलगी दोरीखालून वाकून आत आली. रखवालदार तिला अडवायला धावला तर त्याला म्हणाली, "दॅट्स माय मॉम!" इतक्या मोठ्याने की मांडवभर ऐकू गेलं.

तिच्या मागून दोरीपाशी वहिनी आल्या. "अहो, तुम्ही? मी ह्यांना म्हणतेय, या आपल्या पाचव्या मजल्यावरच्याच ना? आणि हे कुठे शिकलात तुम्ही? क्लास लावला होता का?"

मी तोंड उघडलं. आकडे बघायला इथे लिफ्ट नव्हती. माझ्या आधी मालक बोलले. सांडशीमुळे त्यांचे हात काळे झाले होते आणि ते तसेच अॅप्रनला पुसत ते म्हणाले, "क्लास कसला वहिनी, आम्ही घिसाडी. आमच्यात घण बाई मारते. मी नुसता सांडशीवाला."

"अय्या," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "माझी विळी आहे हो गावाकडची, धारच राहत नाही तिला. बघाल का?"

"हिला विचारा," मालक म्हणाले.

"आणा," मी म्हटलं. "पोलाद भरून देऊ."

ते पातं साहेबांनी पुढे तेलात विझवून कडक केलं, ओव्हनमध्ये मंद तापवून त्याचा ताठा थोडा उतरवला, आणि घासलं. घासता घासता ती नागमोडी रेघ वर आली. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी सिंकपाशी भांडी घासत होते, साहेबांनी मला ओल्या हातांसकट ओढून खिडकीपाशी नेलं. फ्रिजमधल्या ठोकळ्यातून मूठ निघाली, म्यान मी शिवलं, मेणाचा दोरा माझ्या बोटांना चांगला जमला. सुरी घेऊन साहेब त्यांच्या देशाला गेले. ती त्यांचीच होती, त्यांच्या वडिलांच्या पोलादाची, ती तिकडेच जायला हवी होती. तिथून त्यांनी ती घेऊन मॅडमबरोबर काढलेला फोटो पाठवला. मागे सगळं पांढरं, आणि साहेब सुरीने मासा कापत होते.

भट्टी मात्र त्यांनी आमच्यासाठी ठेवून दिली. वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात सुट्टीच्या दिवशी आता आम्ही दोघं काम करतो. वहिनींची विळी पहिली. मग त्यांच्या बहिणीची. मग कोकणातल्या मुलांनी नारळ सोलायचे कोयते आणले, एका हॉटेलवाल्याने मटण तोडायचा सुरा. आणि तीन पदरांच्या सुऱ्या तर आम्ही घडवतोच, मूठ साहेबांनी दाखवली तशी फुगीर, लाकूड इथल्या बोरीचं, ते इथल्या हवेत तडकत नाही. मुलगी पंख्यापाशी उभी राहते आणि आम्हाला इंग्रजीत सूचना देते.

परवा मालकांचा फोन वाजला. कोणीतरी घाईत होता, आठवड्यात शिकारीची सुरी हवी होती. मी भट्टी झाडत होते. मालक त्याला समजावत होते, "अरे भाई, मेरे हाथ में कुछ नहीं है. मैं तो पकड़ता हूँ." मग फोनवर हात ठेवून मोठ्याने मला विचारलं, "काय म्हणतेस? घ्यायचं का काम?"

मी झाडू ठेवला, दंड चाचपून बघितले.

"घ्या," मी म्हटलं. "पण घाईत नाही मिळणार म्हणावं."